यंत्रमानवाला वाट कशी सापडते?

पुण्यात ऑगस्ट २००८ मध्ये एक आगळीच दहीहंडी झाली. तिच्यातले गोविंदा होते ते सगळे यंत्राचे. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन या प्रसारण संस्थांच्या संघटनेतर्फे २००२ पासून विद्यार्थ्यांसाठी ‘रोबोकॉन’ ही यंत्रमानवांची स्पर्धा भरते. तिचे यजमानपद त्या वर्षी भारताकडे होते. यजमान देशाने आपल्या परंपरेतला एखादा खेळ किंवा प्रसंग विषय म्हणून द्यायचा, असा या स्पर्धेचा प्रघात आहे. भारताने कृष्णाची लोण्याची चोरी दिली आणि उंचावरचे ते लोणी पळविण्यात चीनमधील शीआन जिआओतोंग विद्यापीठाचा संघ सर्वांत तरबेज ठरला. पुढे २०१४ मध्ये स्पर्धा पुन्हा पुण्यात आली, तेव्हा ‘पालक’ यंत्राने ‘बालक’ यंत्राला झोक्यावर आणि सी-सॉवर खेळवायचे होते. २०२२ मध्ये नवी दिल्लीत यंत्रांनी लगोरी खेळून दाखवली.

रोबोकॉनचा सामना अवघा तीन मिनिटांचा असतो. त्यासाठी अभियांत्रिकीची मुले जवळजवळ वर्षभर राबतात. विषय दर वर्षी नवा, त्यामुळे गेल्या वर्षीचे यंत्र यंदा फारसे उपयोगी पडत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेला भारतातून कोणी जायचे हे ठरविण्यासाठी दूरदर्शनच्या पुढाकाराने राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली आणि ती बरीच वर्षे बालेवाडीच्या क्रीडासंकुलात होत असे. तेथे प्रेक्षकांत बसलेल्यांना एक दृश्य ओळखीचे असेल. इशारा होतो, यंत्र झोकात निघते, दोन-तीन मीटर नीट जाते आणि मग कोणत्याही उघड कारणावाचून एका बाजूला वळून मैदानाच्या काठावर जाऊन आदळते. कडेला उभ्या असलेल्या मुलांचे चेहरे उतरतात. प्रेक्षकांतून कोणीतरी म्हणतो, ‘प्रोग्राम चुकला वाटतं!’

बहुतेक वेळा तसा तो चुकलेला नसतो. आदल्या रात्री कॉलेजच्या कार्यशाळेत तीच आज्ञावली दहा वेळा बिनचूक चाललेली असते. एक अक्षरही न बदलता ती दुसऱ्या दिवशी दगा देते. याचे कारण समजून घ्यायचे तर यंत्रमानवाला वाट कशी सांगतात येथपासून सुरुवात करावी लागेल.

सामन्यात काही यंत्रे हाताने चालवलेली असतात; त्यांचे डोळे म्हणजे चालविणाऱ्याचेच डोळे. खरी परीक्षा असते ती स्वयंचलित यंत्राची. एकदा कळ दाबली की त्याला बाहेरून काही सांगता येत नाही. जे सांगायचे ते आधीच लिहून ठेवावे लागते. नवख्या विद्यार्थ्याला सुचणारी पहिली आज्ञावली साधारण अशी असते: दोन सेकंद पुढे जा, अर्धा सेकंद उजवीकडे वळ, पुन्हा तीन सेकंद पुढे जा, थांब, हात वर कर. वाचायला ती निर्दोष आहे. पण ‘दोन सेकंद पुढे’ म्हणजे किती पुढे? तीन घटांची लिथियम पॉलिमर बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२.६ व्होल्ट देते. वापरता वापरता ती ११ व्होल्टच्या आसपास येते. विद्युतदाब उतरला की मोटरचा वेग उतरतो. सरावाच्या शेवटी, उतरलेल्या बॅटरीवर जमविलेले ‘दोन सेकंद’ सामन्याच्या दिवशी ताज्या बॅटरीवर यंत्राला वीतभर पुढे नेऊन ठेवतात. तेथे उचलायची वस्तू नसते.

म्हणून मग वेळ मोजण्याऐवजी चाकाचे फेरे मोजतात. चाकाच्या आसाला एन्कोडर नावाचे एक छोटे उपकरण जोडलेले असते; ते प्रत्येक फेऱ्याला ठरावीक संख्येने ठोके देते. दहा सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे ३१.४ सेंटिमीटर. एका फेऱ्याला ४०० ठोके मिळत असतील तर एक ठोका म्हणजे मिलिमीटरहूनही कमी अंतर. एवढी बारीक मोजपट्टी हाती आल्यावर चूक होईलच कशी, असे वाटते. मुलांनाही तसेच वाटते.

आता थोडे गणित करू. यंत्राच्या दोन चाकांत ४० सेंटिमीटर अंतर आहे. समजा एका चाकावरचे रबर किंचित झिजले आहे आणि त्याचा व्यास दुसऱ्यापेक्षा एक मिलिमीटरने, म्हणजे एक टक्क्याने कमी आहे. दोन्ही चाके बरोबरीने फिरली, मोजलेले ठोके तंतोतंत सारखे आले, तरी पाच मीटर जाईपर्यंत एक चाक दुसऱ्यापेक्षा पाच सेंटिमीटर कमी चालते. यंत्राचे तोंड सुमारे सात अंशांनी फिरते आणि ते ठरल्या जागेपासून ३१ सेंटिमीटर बाजूला पोहोचते. एक मिलिमीटरची झीज आणि फूटभर चूक! शिवाय सुरुवातीला यंत्र ठेवतानाच ते एका अंशाने तिरपे ठेवले गेले, तर पाच मीटरवर आणखी पावणेनऊ सेंटिमीटरची भर. चाक गुळगुळीत जमिनीवर घसरले तर ठोके पडतात, पण यंत्र हलतच नाही. यातली कोणतीही गोष्ट यंत्राला कळत नाही. त्याच्या हिशेबाने ते अगदी योग्य जागी असते.

जुने दर्यावर्दी किनारा दिसेनासा झाल्यावर वेग, दिशा आणि वेळ यांवरून आपले स्थान अंदाजाने काढत, तसाच हा प्रकार आहे. या रीतीत चूक आपोआप कमी होत नाही. ती साचत जाते. दर्यावर्द्यांना जसा मधूनमधून एखादा तारा किंवा दीपगृह लागे, तशी यंत्रालाही बाहेरची खूण लागते.

रोबोकॉनच्या मैदानावर अनेक वर्षे ही खूण म्हणजे रंगीत जमिनीवर आखलेल्या पांढऱ्या पट्ट्या असत. यंत्राच्या पोटाशी, जमिनीलगत, संवेदकांची म्हणजे सेन्सरची एक रांग बसवतात. प्रत्येक संवेदकात प्रकाश टाकणारा एक दिवा आणि परत आलेला प्रकाश मोजणारा एक घटक असतो. पांढऱ्या पट्टीवरून जास्त प्रकाश परततो, रंगीत जमिनीवरून कमी. हे मोजमाप मायक्रोकंट्रोलरमध्ये ० ते १०२३ या दरम्यानचा एक आकडा बनून येते. समजा कार्यशाळेत पट्टीवर ८०० आणि जमिनीवर २०० असे आकडे मिळाले. मग आज्ञावलीत लिहायचे, की ५०० पेक्षा जास्त आले तर खाली पट्टी आहे.

बालेवाडीसारख्या ठिकाणी पहिला दगा येथे होतो. स्पर्धेचे दूरचित्रवाणीसाठी चित्रीकरण होत असते आणि वरून प्रखर दिवे रोखलेले असतात. हॅलोजन दिव्यांच्या प्रकाशात अवरक्त किरण भरपूर असतात. माणसाच्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण अवरक्त संवेदकाला तेवढेच दिसतात. जमिनीचा २०० चा आकडा तेथे ५५० होतो. झाले! यंत्राच्या लेखी सगळे मैदानच पांढरी पट्टी. उलट एखाद्या कोपऱ्यात यंत्राचीच सावली पडली की तेथली पट्टी नाहीशी होते. प्रोग्राम चुकला असे प्रेक्षकाला वाटते, तो हा क्षण.

यावरचे उपाय कठीण नाहीत, मात्र ते आधी सुचावे लागतात. पहिला उपाय म्हणजे ५०० हा आकडा आज्ञावलीत कायमचा कोरून न ठेवणे. सामन्यापूर्वी मैदानावर मिळणाऱ्या थोडक्या वेळात यंत्र पट्टीवरून एकदा आडवे सरकवायचे, प्रत्येक संवेदकाने पाहिलेला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा टिपायचा आणि सीमारेषा त्यांच्या मधोमध, त्याच ठिकाणी ठरवायची. दुसरा उपाय अधिक देखणा आहे. संवेदकाचा दिवा लावून एकदा मोजायचे, लगेच विझवून पुन्हा मोजायचे आणि दोन्हींची वजाबाकी करायची. छतावरचा प्रकाश दोन्ही मोजमापांत सारखाच असल्याने तो वजा होतो. उरतो तो आपल्या दिव्याचा. एवढ्या दोन-चार ओळींच्या अभावी वर्षभराचे कष्ट वाया गेलेले संघ दर स्पर्धेत असतात.

पट्टी दिसली तरी तिच्यावरून चालणे हे वेगळे कसब आहे. सर्वांत सोपी रीत अशी, की पट्टी उजवीकडे गेली तर उजवीकडे वळ, डावीकडे गेली तर डावीकडे वळ. अशा रीतीने यंत्र पट्टी सोडत नाही खरे, पण ते सारखे हेलकावे खात जाते आणि वेग वाढविला की भरकटते. आठ संवेदकांची रांग असेल तर याहून बारकाईने पाहता येते. रांगेचा मध्य ४.५ वर. पट्टी सहाव्या आणि सातव्या संवेदकाखाली असेल तर तिचे स्थान ६.५, म्हणजे विचलन २. आता विचलनाच्या प्रमाणात वळायचे: दोन्ही चाकांचा मूळ वेग १०० धरला आणि गुणक १० ठेवला, तर डावे चाक १२० ने आणि उजवे ८० ने फिरवायचे. विचलन थोडे तर वळण थोडे, विचलन मोठे तर वळण मोठे.

एवढ्यानेही हेलकावे पूर्ण थांबत नाहीत, कारण यंत्राला वजन असते. पट्टीच्या मध्यावर पोहोचताच ते वळणे थांबवत नाही, पलीकडे जाते. सायकल शिकणारे मूल हँडल जरुरीपेक्षा जास्त फिरवते आणि मग घाईघाईने उलटे फिरवते, तसेच. सरावलेला सायकलस्वार सायकल सरळ होऊ लागली की आधीच हँडल सैल सोडतो. म्हणजे तो कलाकडे जसा पाहतो, तसा कल किती झपाट्याने बदलतो आहे याकडेही पाहतो. आज्ञावलीत हे दुसरे पद घालावे लागते. तिसरे पद साचलेल्या चुकीचे: एक मोटर मुळातच थोडी अशक्त असेल तर यंत्र कायम एका अंगाला ओढले जाते, ती लहानशी पण सततची चूक बेरीज करत राहिल्याने ध्यानात येते आणि भरून काढता येते. प्रमाण, बेरीज आणि बदलाचा दर या तीन पदांच्या या नियंत्रणाला त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पीआयडी’ म्हणतात.

हे गणित यंत्रमानवांसाठी जन्मलेले नाही. निकोलस मिनॉर्स्की या रशियात जन्मलेल्या अभियंत्याने १९२२ मध्ये जहाजाच्या स्वयंचलित सुकाणूसंबंधीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या आरमारासाठी काम करताना त्याने अनुभवी सुकाणूधारी कसे वागतात हे बारकाईने पाहिले होते. जहाज किती भरकटले आहे एवढ्यावरच ते सुकाणू फिरवीत नाहीत. ते किती वेगाने भरकटते आहे आणि आधीपासून किती ओढले गेले आहे हेही ते मनोमन जमेस धरतात, हे त्याने समीकरणात मांडले. न्यू मेक्सिको या युद्धनौकेवर त्याची चाचणीही झाली. शंभर वर्षांपूर्वीचे ते समीकरण आज पुण्या-मुंबईच्या वसतिगृहांत रात्री दोन वाजता दोन-चारशे रुपयांच्या मायक्रोकंट्रोलरवर चालत असते.

समीकरण पाठ्यपुस्तकात मिळते, त्यातले तीन गुणक मात्र मिळत नाहीत. ते आपल्या यंत्रावर, आपल्या जमिनीवर, हाताने जुळवावे लागतात. साधारण रीत अशी, की आधी फक्त प्रमाणाचा गुणक हेलकावे सुरू होईपर्यंत वाढवायचा, मग बदलाच्या दराचे पद घालून ते हेलकावे शमवायचे. बेरजेचे पद पट्टीवरून चालणाऱ्या यंत्रात पुष्कळ संघ वापरतच नाहीत आणि त्यांचे फारसे अडत नाही. उलट हे पद बेसावधपणे वापरले तर घात करते. आज्ञावली सुरू झाली आहे पण यंत्र अजून हाताने धरून ठेवले आहे, अशा वेळी चूक साचत राहते आणि हात सोडताच यंत्र विंचू चावल्यासारखे उसळते.

आणखी एक बारीक गोष्ट. हे सगळे मोजमाप आणि दुरुस्ती सेकंदाला शंभर वेळा होत असेल आणि यंत्र सेकंदाला एक मीटर जात असेल, तर दोन पाहण्यांमध्ये ते एक सेंटिमीटर सरकते. हे ठीक आहे. पण आज्ञावलीत कोठेतरी ‘अर्धा सेकंद थांब’ अशी ओळ असते. हात उघडायला वेळ मिळावा म्हणून कोणीतरी ती घातलेली असते. त्या अर्ध्या सेकंदात मायक्रोकंट्रोलर दुसरे काहीच करत नाही. चाके फिरत असतील तर यंत्र अर्धा मीटर डोळे मिटून जाते. नवशिक्यांच्या आज्ञावलीतला हा बहुधा सर्वांत नेहमीचा दोष आहे आणि कागदावर तो दिसत नाही.

त्यामुळे अनुभवी संघ आज्ञावली अवस्थांमध्ये बांधतात. यंत्र कोणत्या तरी एका अवस्थेत असते: पट्टीवरून चालणे, चौक ओलांडणे, हात खाली नेणे, वस्तू पकडणे. प्रत्येक अवस्थेतून बाहेर पडण्याची अट लिहिलेली असते आणि घड्याळ थांबविण्याऐवजी दर फेऱ्यात ती अट तपासली जाते. खरी हुशारी दिसते ती अट पूर्ण झाली नाही तर काय, या प्रश्नाच्या उत्तरात. हात खाली पूर्ण गेला की एक छोटी कळ दाबली जाते. मुले तिला लिमिट स्विच म्हणतात. ती कळ मोडली तर? ‘कळ दाबली जाईपर्यंत मोटर चालू ठेव’ एवढेच लिहिले असेल तर मोटर जळेपर्यंत चालू राहील. ‘कळ दाबली किंवा दोन सेकंद झाले’ असे लिहिले असेल तर यंत्र पुढच्या कामाला लागेल. चौक मोजतानाही असेच. यंत्र किंचित तिरपे असेल तर एकच आडवी पट्टी संवेदकांना दोनदा लागते आणि तिसऱ्या चौकात वळायचे ते दुसऱ्यातच वळते. म्हणून एक चौक मोजल्यावर पुढचे दहा सेंटिमीटर नवा चौक मानायचाच नाही, असे लिहावे लागते. शेतकरी जसा एखादे रोप मरेलच असे धरून चार बिया अधिक टाकतो, तशी ही वृत्ती आहे आणि ती परीक्षेच्या प्रोग्रामिंगमध्ये शिकवली जात नाही. तेथे संगणकाला दिलेली माहिती नेहमीच बरोबर असते.

एका फेरीत अशी दहा कामे एकापाठोपाठ येतात असे धरू. प्रत्येक काम शंभरांतून ९५ वेळा जमते. कोणताही संघ एवढ्यावर खूष होईल. पण दहाही कामे ओळीने जमण्याची शक्यता उरते जेमतेम ६० टक्के. ती ९० टक्क्यांवर न्यायची तर प्रत्येक काम शंभरांत ९९ वेळा जमले पाहिजे. ‘आमचे यंत्र चालते’ आणि ‘आमचे यंत्र सामन्यात चालेल’ या दोन वाक्यांमधले अंतर एवढे आहे. चाचणीची वही ठेवून वीस-वीस, पन्नास-पन्नास फेऱ्यांचा जमाखर्च मांडणारे संघ थोडे, आणि ते बहुधा पुढच्या फेरीत दिसतात.

येथे संघातल्या अंतर्गत राजकारणाचाही थोडा उल्लेख केला पाहिजे. यंत्र आधी मेकॅनिकलच्या मुलांच्या हाती असते, मग इलेक्ट्रॉनिक्सच्या. सांगाडा उशिरा तयार होतो, सर्किट त्याहून उशिरा. प्रोग्रामिंग करणाऱ्यांच्या ताब्यात ते स्पर्धेच्या तोंडावर येते आणि ‘तुमचं काय, संगणकावर टाइपच तर करायचंय’ असे त्यांना वर ऐकवले जाते. वस्तुतः जुळवाजुळवीला, चाचण्यांना आणि आतापर्यंत वर्णन केलेल्या दुरुस्त्यांना लागणारा वेळ नेमका त्यांच्याकडूनच हिरावून घेतलेला असतो. मग पहाटे तीनला एखादा गुणक बदलला जातो, तो का बदलला हे सकाळी कोणाला आठवत नाही आणि संगणकावर ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘खरे फायनल’ अशा नावांच्या फायली साठत जातात. शहाणे संघ जुन्या यंत्राचा सांगाडा मोडत नाहीत. नवे यंत्र तयार होईपर्यंत त्याच्यावरच नव्या आज्ञावलीचा सराव करतात.

गेल्या काही वर्षांत खेळ आणखी अवघड झाला आहे. २०२४ मध्ये व्हिएतनाममध्ये झालेल्या रोबोकॉनचा विषय भाताच्या सुगीचा होता. स्वयंचलित यंत्राला आपल्या रंगाचे दाणे, म्हणजे लाल वा निळे चेंडू उचलायचे होते आणि जांभळे ‘पोकळ दाणे’ सोडून द्यायचे होते. अशा कामाला पट्टीवरचे संवेदक पुरत नाहीत. कॅमेरा लागतो आणि चित्र ओळखणारा संगणक यंत्राच्या पाठीवर बसतो. तरीही दुखणे जुनेच आहे. कार्यशाळेच्या ट्यूबलाइटखाली शिकवलेला जांभळा सभागृहाच्या दिव्यांखाली निळा दिसू लागतो. म्हणून रंगाची छटा आणि त्याचा उजेड वेगळे मोजावे लागतात आणि निरनिराळ्या प्रकाशात काढलेली हजारो छायाचित्रे संगणकाला दाखवावी लागतात.

सामना संपल्यावर पाहण्यासारखी एक गोष्ट असते. हरलेल्या संघातला एखादा मुलगा किंवा मुलगी कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसते आणि यंत्रातल्या मेमरी कार्डावरची नोंद उतरवून घेते. तीन मिनिटांत संवेदकांनी काय पाहिले, कोणती अवस्था केव्हा सुरू झाली, हे सगळे त्यात ओळीने लिहिलेले असते. चौथ्या चौकापर्यंत आकडे ठाकठीक आहेत. त्यानंतर सहाव्या संवेदकाच्या रकान्यात एकसारखी शून्ये आहेत. ती उठते, यंत्र उलटे करते आणि त्या संवेदकाची वायर बोटाने हलवून पाहते.